लांचेन्बीच्या भुकेचं वेळापत्रक

इम्फाळ, १२ सप्टेंबर

इबोयाइमा,

काल सकाळी साडेसहा वाजता तुझी मुलगी वजन उचलण्याच्या सरावात चक्कर येऊन पडली. त्या वेळी बार हातात नव्हता म्हणून वाचली. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. अकरा वर्षांत तू बहिणीचा फोन उचललेला नाहीस, तो आज उचलशील असं मानायला काही कारण नाही. मोइरांगच्या व्हॅनच्या ड्रायव्हरकडे हे देते आहे. वाचायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव.

लांचेन्बी बरी आहे. डॉक्टरांनी तपासलं. रक्त कमी आहे, रक्तदाब कमी आहे, बाकी मोडतोड नाही. आज घरी झोपून आहे आणि झोपायला लागल्याबद्दल माझ्यावर रागावली आहे.

आता ही वेळ का आली ते ऐक. ती एकोणसाठ किलोंच्या गटात वजन उचलायची. त्या गटात काकचिंगची बेमचा नावाची मुलगी आहे, ती हिच्यापेक्षा बारा किलो जास्त उचलते. राज्यातून एका गटात एकच मुलगी पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिराला जाते. म्हणून तिच्या प्रशिक्षकांनी, ओजा कुलबिधूंनी, जूनमध्ये ठरवलं की हिने पंचावन्नच्या गटात उतरायचं. निवड दोन नोव्हेंबरला. ओजा मला म्हणाले, "इमा, उचलायला मी शिकवतो. उतरवायचं तुम्ही बघा." मी हो म्हटलं. चौतीस वर्षं कॉलेजात गृहविज्ञान शिकवलेल्या बाईने नाही का म्हणावं?

एक जुलैला ती एकोणसाठ किलो चारशे ग्रॅम होती. ऑगस्टच्या मध्याला सत्तावन्न दोनशे. मला स्वतःचा अभिमान वाटला. मग काटा थांबला. मी भात कमी केला, तरी सत्तावन्न दोनशे. संध्याकाळचं जेवण बंद केलं, तरी सत्तावन्न दोनशे. चार आठवडे. ती बाहेर चोरून खाते असा मला संशय आला आणि मी तिची सरावाची पिशवी उपसून पाहिली. पिशवीत टॉवेल आणि खडूची पूड निघाली. हे लिहायला मला आवडत नाही, म्हणूनच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी तुझी बायको सनाहन्बी सरावासाठी या पोरीला माझ्या दारात सोडून गेली तेव्हा तू तळ्यावर मासे मोजत होतास म्हणे. बायको कुठे गेली, मुलगी कुठे राहते, तुला काहीच माहीत नाही असं तू दोन वर्षं दाखवलंस. पण मला सगळं कळतं. या वेळी निवड झाली नाही तर तिला मामेबहिणीबरोबर बंगळुरूला हॉटेलात कामाला पाठवायचं, हेही तू ठरवलं आहेस. सनाहन्बीने सांगितलं.

तर दोन नोव्हेंबर ही तारीख तुलाही माहीत असू दे.

— प्रमोदिनी


इम्फाळ, २१ सप्टेंबर

इबोयाइमा,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. "पाबुंगना उपाशी मारलंस, आता माझ्या मुलीला मारतेस. तिला परत पाठव."

परत पाठवणार नाही. तिला विचारलं, ती म्हणाली, "इने, मला जायचं नाही. बाबांना सांग, मी निवडीचा बार उचलल्याशिवाय घरी येणार नाही." सतरा वर्षांची आहे, तिचं तोंड बंद करणं मला जमत नाही, तुला कधी जमलं असेल तर सांग.

वडिलांबद्दल तू जे लिहिलंस त्याचं उत्तर आज देत नाही. आज दुसरी गोष्ट सांगायची आहे.

तुला आठवत असेल, तांदूळ धुतलेलं पहिलं पाणी आपली आई केसांसाठी बाजूला ठेवायची. मीही ठेवते. रविवारी त्यात पाला घालून उकळते आणि न्हाते. तीन रविवार झाले, भांडं अर्धं रिकामं सापडत होतं. मी शेजारच्या मांजराला शिव्या दिल्या, भांड्यावर पाटा ठेवला. गेल्या रविवारी पाटा सरकवलेला होता. मांजर पाटा सरकवत नाही.

मी लांचेन्बीला समोर बसवलं.

"पाणी कोण सांडतं?"

"सांडत नाही, इने. मी पिते."

"कच्चं?"

"गाळून."

"का?"

तिने नखातली खडूची पूड काढली. मग म्हणाली, "त्याला भाताचा वास येतो."

इबोयाइमा, मी आयुष्यात हजारभर मुलींना प्रथिनं आणि उष्मांक शिकवले. भाताच्या वासाचा धडा माझ्या एकाही पुस्तकात नव्हता.

त्याच बैठकीत दुसरंही कळलं. बापाला लिहिण्याची ही गोष्ट नव्हे, पण तू मासे पाळतोस, अंड्यांवर आलेली मादी उपाशी राहिली तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. तीन महिने पोरीची पाळी आलेली नाही. तिला वाटलं, बरं झालं, सरावाला सोयीचं. मला सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी ओजांकडे गेले. ते फौजेत हवालदार होते, शिक्षण दहावी. मी विचारलं, "ओजा, आता आणखी काय कमी करू?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "इमा, फौजेत चौकीवर रेशन अर्धं झालं की जवान काय करतो माहीत आहे? बसून राहतो. ओझं उचलायला टाळतो, गप्पा मारत नाही, अंघोळ टाळतो. जेवढं मिळतं तेवढ्यात भागवायला शिकतो. शरीर पण तसंच. तुम्ही रेशन कापत गेलात, ते बसून राहिलं. ही पोर महिनाभर हसलेली मी पाहिली नाही."

"मग?"

"मग तुम्हीच सांगा, शिकलेल्या तुम्ही. ती पहाटे साडेपाचला माझ्याकडे येते ती काय खाऊन?"

काहीच नाही. हे उत्तर मला मोठ्याने द्यावं लागलं. आपल्या घरात अंघोळ केल्याशिवाय चूल पेटत नाही आणि पहिला भात नऊनंतरच पानात पडतो. आई तसं करायची, तिची आई तसं करायची, मी तसंच करत आले. त्यांच्यापैकी कोणी पहाटे ऐंशी किलो डोक्यावर उचलत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. पोरगी रात्रभर रिकामी, सकाळी चार तास आणखी रिकामी, त्यात सराव. मग नऊ वाजता मी मोजलेला भात. सकाळच्या सगळ्या कष्टाला अन्न नाही आणि अन्न येतं तेव्हा कष्ट संपलेले.

चूक माझी होती. सुधारणारही मीच.

— प्रमोदिनी


इम्फाळ, ९ ऑक्टोबर

इबोयाइमा,

काल ड्रायव्हरने बादली आणून दिली. आत तीन जिवंत मासे, पेंगबा, चांगले हातभर. चिठ्ठी नाही. मी विचारलं, "निरोप?" तो म्हणाला, "इमा, त्यांनी बादली दिली आणि म्हणाले, पाणी सांडू नकोस. हाच निरोप असेल." पत्राला उत्तर म्हणून मासे पाठवणारा माणूस तूच. असो. दोन खाल्ले, एक शेजारणीला दिला कारण ती फार वास घेत होती.

आता हिशोब ऐक. मी चार वाजता उठून थंड पाण्याने अंघोळ करते. घरचा नियम मी मोडलेला नाही, फक्त सूर्याच्या आधी नेला आहे. पावणेपाचला लांचेन्बी मऊ भात आणि केळं खाते, वाटीभरच, पण खाते. नऊला पोटभर जेवण: भात, मासा किंवा अंडी, आणि बिनतेलाचं चामथोंग, ज्यात मी बागेतला जो मिळेल तो पाला उकळते. दुपारच्या सरावाच्या आधी वाटाणे, नंतर अंडं. तुळशीपुढे दिवा लागायच्या आत रात्रीचं जेवण उरकतं, हलकं, पण जेवण म्हणावं असं. त्यानंतर फक्त गरम पाणी. आधीपेक्षा ती दिवसाला जवळजवळ दीडपट खाते.

पहिल्या आठवड्यात वजन वाढलं. सत्तावन्न आठशे. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "प्रोफेसरबाई, पोरगी कुस्तीला पाठवणार की काय?" मी म्हटलं, "पाठवली तर पहिली तुमच्या अंगणात." दुसऱ्या आठवड्यात सत्तावन्न चारशे. लांचेन्बी रडली. म्हणाली, "इने, हे चुकतंय. मला पुन्हा कमी दे." मी दिलं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी छप्पन्न सहाशे. आज छप्पन्न दोनशे. रक्त वाढलं. गेल्या शुक्रवारी पाळी आली. आणि काल ओजांनी मुद्दाम माझ्यापर्यंत निरोप पाठवला: "इमांना सांगा, पोरगी काल कोणाची तरी नक्कल करून सगळ्या हॉलला हसवत होती." कोणाची नक्कल ते मी विचारलं. चष्मा नाकावर आणून, घड्याळ बघत, "खा, वेळ झाली." मला राग आला नाही. नक्कल चांगली असणार.

मला अभिमान आहे. तिचा आहेच, पण माझाही आहे. सहासष्टाव्या वर्षी स्वतःचं शिकलेलं खोडून पुन्हा लिहिणं सोपं नसतं, आणि ते मी तीन आठवड्यांत केलं.

आता वडिलांचं.

पाबुंगची साखर मी तीनशेवरून एकशे तीसवर आणली. डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डसमोर माझं कौतुक केलं. त्यांचं वजन चौसष्टवरून एकावन्नवर आलं, ते मात्र मी माझ्या वहीत लिहिलंच नाही. तू चोरून त्यांना काळ्या तांदळाची खीर आणायचास, मी ती ओतून द्यायची. शेवटच्या महिन्यात ते दुपारी मला, थोरलीला, विचारायचे, "अहान्बी, जेवायची वेळ झाली का?" मी घड्याळ दाखवायची. श्राद्धाच्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालास की मी त्यांना उपाशी मारलं. ते आजाराने गेले, इबोयाइमा, हे मी आजही म्हणते. पण ते भूक लागली म्हणत होते आणि मी घड्याळ दाखवत होते, हेही खरं आहे.

याला माफी समजू नकोस. झालं ते झालं तसं लिहून ठेवलं आहे.

— प्रमोदिनी


इम्फाळ, २३ ऑक्टोबर

इबोयाइमा,

आज ड्रायव्हरने निंगोल चाकौबाच्या आमंत्रणाचा विडा माझ्या हातात ठेवला. मी तो परत पाठवते आहे.

लग्न होऊन गेलेल्या बहिणीला वर्षातून एकदा माहेरी जेवायला बोलवायचं तर घरच्या माणसाने दारात येऊन विडा द्यायचा असतो. अकरा वर्षं तू बोलावलं नाहीस. अकरा वर्षं त्या दिवशी या गल्लीतल्या सगळ्या बायका नवीन फनेक नेसून, फळांच्या टोपल्या घेऊन माझ्या दारासमोरून माहेरी गेल्या आणि मी आतून कडी लावून पेपर तपासत बसले. निवृत्त झाल्यावर तपासायला पेपरही उरले नाहीत. आणि आता तू मला व्हॅनच्या ड्रायव्हरकडून बोलावतोस? तो बिचारा पण लाजला. म्हणाला, "इमा, मी फक्त डबे आणि पत्रं आणतो, हे मला जड होतंय."

दुसरी गोष्ट. चाकौबा एकोणतीसला, निवड दोन तारखेला. मधे तीन दिवस. लांचेन्बी आज पंचावन्न नऊशे आहे. ओजांनी स्पष्ट सांगितलं, कुठेही जायचं नाही. तुझ्या घरी त्या दिवशी पानात काय काय पडतं ते मला ठाऊक आहे. यायचं की नाही हे मी ठरवलेलं नाही. पण आधी विडा कोण आणतो ते बघू.

— प्रमोदिनी


इम्फाळ, ३० ऑक्टोबर

इबोयाइमा,

सकाळी सनाहन्बीचा फोन आला. तू काल रात्री जेवला नाहीस म्हणे, कारण तुझ्या जेवणाने मुलीचं नुकसान झालं असं तुला वाटतं. वजन छप्पन्न सहाशे आहे, खरं आहे. तरी मूर्खपणा करू नकोस आणि जेव.

तू त्या दिवशी विडा घेऊन स्वतः आलास. फाटकाशी पायात चपला ठेवून उभा राहिलास, आत आला नाहीस, आणि "इचे, उशीर झाला" एवढंच म्हणालास. अकरा वर्षांचा की त्या दिवसाचा ते मी विचारलं नाही. तू विडा आणलास म्हणून मी आले. आणि मी आले म्हणून लांचेन्बी आली. आपल्या बापाच्या घरी आत्याचं पान मांडलेलं असताना ती वजनाच्या भीतीने इथे बसून राहिली असती, तर पतियाळाला जाऊन तरी काय उचलणार होती?

तू अंगणात पाहुण्यांना वाढत होतास, म्हणून आत काय झालं ते तुला माहीत नाही. आपल्या बापाची बहीण, म्हातारी इने तोन्दोन, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, लांचेन्बीच्या पानाशी ठाण मांडून बसली होती.

"खा गं. हाडं दिसतात. कोण उपाशी ठेवतं हिला?" आणि माझ्याकडे बोट. "हीच ना? हिने माझ्या भावाला पण मोजून वाढलं."

मी पानाकडे बघत होते.

तुझी मुलगी म्हणाली, "अबोक, इने मला दिवसाला पाच वेळा वाढते. आणि न खाल्लं तर रागावते. तुम्हाला कोणी पाच वेळा वाढतं का?"

म्हातारी म्हणाली, "पाच? मला दोनदा पण विचारत नाहीत."

"मग चला आमच्याकडे राहायला."

हशा झाला, म्हातारी पण हसली. मग लांचेन्बीने काय केलं ते ऐक. माशाचे दोन तुकडे घेतले, भात तिच्या नेहमीच्या वाटीएवढा, पाल्याची भाजी तीनदा. खिरीला म्हातारीने हट्ट धरला तेव्हा एक चमचा तोंडात घातला, मग पानावर हात उलटा ठेवला आणि म्हणाली, "अबोक, पोट भरलं." खोटं नव्हतं. मी तिचा चेहरा ओळखते. भुकेल्या माणसाला नाही म्हणायला जोर लावावा लागतो. तिला लावावा लागला नाही.

छप्पन्न सहाशेचं सांगते. मासा, मीठ, आणि एरोम्बाच्या भाजीतली सुकी मासळी. मीठ पाणी धरून ठेवतं. ती चरबी नाही, पाणी आहे, दोन दिवसांत जाईल. हे मला पुस्तकाने शिकवलं आणि या वेळी पुस्तक बरोबर आहे. ओजा माझ्यावर ओरडले, ते मी ऐकून घेतलं.

जेवणानंतर बहिणीने भावाला आशीर्वाद द्यायचा असतो. तू गुडघे टेकून समोर बसलास आणि मी नुसता डोक्यावर हात ठेवला. तुला वाटलं असेल, इचे अजून रागावली आहे. राग नव्हता. तर आता लिहून देते: तुझी तळी भरलेली राहोत, तुझ्या दारात आलेलं कोणी भुकेलं परत न जावो, आणि तू माझ्यामागे पुष्कळ वर्षं जग. झालं.

तू दिलेली शाल वापरायला काढली आहे.

— तुझी इचे


इम्फाळ, २ नोव्हेंबर, संध्याकाळ

इबोयाइमा,

निकाल तुला ओजांनी फोनवर सांगितला आहे, म्हणून तुला घाई नसेल. तू तळ्यापाशी दिवसभर फोन हातात धरून बसला होतास, हेही कळलं. आता क्रमाने सांगते.

काल सकाळी ती पंचावन्न सहाशे होती. हॉलवर बाकीच्या मुली दोन दिवस पाण्याशिवाय होत्या. एक तर प्लास्टिक गुंडाळून उन्हात पळत होती, थुंकीसुद्धा कपात थुंकत होती. लांचेन्बीने ते पाहिलं आणि घरी येऊन ताट बाजूला सरकवलं.

"इने, आज नको. फक्त आजचा दिवस. सहाशे ग्रॅम आहेत."

"खा."

"चुकलं तर? बंगळुरूला तुला जायचं नाही, मला जायचंय."

तिचं म्हणणं बरोबर होतं. चुकलं तर मी चुकणार आणि भांडी ती घासणार. जुनी प्रमोदिनी माझ्या कानात सांगत होती, उचल ते ताट, एक दिवसाने कोणी मरत नाही. मी ताट उचललं नाही. मी म्हटलं, "रिकाम्या पोटी तू पंचावन्नमध्ये बसशील, पण उद्या बार उचलशील कशाने? रात्री झोपेत माणूस अर्धा किलो उतरतो. मी तुझं रोजचं लिहिलेलं आहे, दोन महिन्यांचं. वही बघ." तिने वही पाहिली. पानं उलटत राहिली. मग जेवली. नेहमीपेक्षा थोडं कमी, मीठ नाही, पण जेवली.

आज सकाळी आठला वजन. एक तास मिळतो, तेवढ्यात कितीही वेळा काट्यावर उभं राहता येतं. पहिल्यांदा पंचावन्न किलो शंभर.

शंभर ग्रॅम. एक केळंसुद्धा नाही.

काकचिंगच्या बेमचाचे कोच शेजारी उभे होते. तिचा गट वेगळा, त्यांना काय पडलं होतं कोण जाणे, म्हणाले, "प्रोफेसरबाई, काल भात वाढला ना? आता परत काढून घ्या."

मी म्हटलं, "तुमची मुलगी जिन्यावर बसली आहे, आधी तिला उठवा."

ती खरंच बसली होती, बिचारी, उठवत नव्हतं तिला. मला नंतर माझ्या बोलण्याची लाज वाटली. मी तिला गरम पाणी नेऊन दिलं.

लांचेन्बी तीन स्वेटर घालून दोरीवरच्या उड्या मारायला गेली. पंचवीस मिनिटं मारल्या, आणि इबोयाइमा, ती मारू शकली. दमली नाही. बाकीच्या मुलींपैकी एकीला तरी आज पंचवीस मिनिटं उड्या मारता आल्या असत्या का ते सांग. मग लघवीला जाऊन आली, काट्यावर उभी राहिली. चोपन्न किलो नऊशे पन्नास.

पंच बाईंनी आकडा मोठ्याने वाचला. मी चष्मा पुसत होते म्हणून मला दिसला नाही, पण ऐकू आला.

त्यानंतर दोन तास होते. मी डबा उघडला. भात, मासा, केळी. तिने सावकाश खाल्लं. बाकीच्या मुली एका दमात सगळं गिळत होत्या, दोघींना उलटी झाली.

स्नॅचमध्ये बहात्तर. तिसऱ्या प्रयत्नाला. क्लीन अँड जर्कमध्ये पहिला प्रयत्न नव्वदचा जमला, दुसरा त्र्याण्णवचा पडला. इथे मला वाटलं, संपलं. थौबालची मुलगी तिच्या पुढे होती एक किलोने. ओजांनी जवळ जाऊन पाठीवर थाप मारली. ती तिसऱ्यांदा गेली, त्र्याण्णवच. बार छातीवर घेतला, थांबली. इतका वेळ थांबली की मागचा कोणी ओरडला, "टाक!" तिने वर नेला. तीन पांढरे दिवे, म्हणजे उचल मान्य, आणि थौबालची मुलगी दोन किलोंनी मागे.

बार खाली ठेवून ती पळत माझ्याकडे आली आणि माझ्या कानाशी पहिलं काय बोलली माहीत आहे? "इने, भूक लागली."

सनाहन्बीला सांग, बंगळुरूची चौकशी थांबव. तुला काही सांगायची गरज नाही. तूच तळ्यावर नाचलास असं ड्रायव्हर म्हणतो.

— तुझी इचे


इम्फाळ विमानतळ, १७ नोव्हेंबर

इबोयाइमा,

तू सनाहन्बीला घेऊन गाडी लावायला गेला आहेस, तेवढ्यात लिहिते. शिबिरासाठी मुलींना न्यायला आलेल्या वॉर्डनबाईंनी एक छापील कागद भरून मागितला, पालकाची सही हवी होती. तू मला म्हणालास, "इचे, तू कर." मी केली. त्या कागदाची प्रत तुझ्यासाठी इथे उतरवून ठेवते.

सुपूर्द केले:

मुलगी, एक. लांचेन्बी, वय सतरा. आज सकाळचं वजन पंचावन्न किलो आठशे. जेवून आली आहे.

शाळेचा दाखला, एक. आधार कार्डाची प्रत, दोन. राज्य संघटनेचं निवडपत्र, मूळ.

बूट, एक जोड. कमरेचा पट्टा, एक. उबदार कपडे, सात.

वडिलांकडून सुकवलेली मासळी, दीड किलो, बंद डब्यात. वास येईल, तक्रार करू नये.

विशेष सूचना (हा रकाना कोणी भरत नाही, असं वॉर्डनबाई म्हणाल्या. मी भरला): भूक लागली की ती स्वतः सांगते. वेळ झाली नसली तरी द्यावं.

देणार: प्रमोदिनी देवी, आत्या.

घेणार: सही मिळाली, सकाळी दहा वीस.